निळा दोरा

तळाच्या पूर्व फाटकासमोर,
डोनटवाला आणि टायरवाला यांच्या मधे
म्यंगजा ओ हिचं दुकान:
दोन मशीनं, एक इस्त्री,
एक आंधळं होत चाललेलं मांजर.
बत्तीस वर्षं ती शिपायांची नावं शिवते आहे.

आधी दोरा तपकिरी होता.
मग एका सकाळी वरून हुकूम सुटला
आणि दोरा निळा झाला.
तपकिरी रिळांची अख्खी पेटी अंगावर पडली.
त्याने ती आता नातवंडांची बटणं लावते.

नवा गडी, नवं राज्य.
स्क्वाड्रनची डेल्टा झाली,
डेल्टाचं आणखी काहीतरी,
दोन कचेऱ्यांची एक झाली, एकीच्या तीन,
आणि दर खेपेला पिशव्या भरभरून गणवेश आले,
शुक्रवारच्या आत हवेत म्हणून.
शुक्रवारी कर्नल इस्ट्राडा भाषण करणार असतात.

"ह्या वेळी शेवटचं,"
सार्जंट टॉलिव्हर चौथ्यांदा म्हणाला.
तिने पावती फाडली. चौदा डॉलर.

"एवढं बदलता कशाला?"

तो छताकडे बघतो. छताला पंखा आहे.
"त्यांचा एक उपग्रह
आमच्या एकाच्या जवळ येतो. फार जवळ.
करत काही नाही.
येतो, थांबतो, जातो."
"मग?"
"मग आम्ही खात्यांचा तक्ता बदलतो."
म्हणाला, आणि स्वतःच हसला,
आणि दाराकडे वळून पाहिलं, कुणी ऐकलं का.
दारात मीच होतो, पँट आखूड करून घ्यायला आलेला.

म्यंगजा सुई ओवत होती. ओवताना ती बोलते.
चोरवॉनला, म्हणाली, आमच्या शेतापलीकडे ओढा,
ओढ्यापलीकडे तार,
तारेपलीकडे त्यांचा भोंगा.
रात्रभर गायचा.
मग आपल्या लोकांनीही भोंगा आणला, त्याहून मोठा.
मधल्या चिखलात बगळे उभे असायचे, दोन्हीकडचं ऐकत.
आमच्याकडची पलटण दर वसंतात नवी पाटी लावायची.
बाप जुनी पाटी मागून आणायचा
आणि डुकरांच्या कुडाला ठोकायचा.
मी घर सोडलं तेव्हा
त्या कुडात सात पलटणी होत्या.

बोलता बोलता तिने बाहीवरचा बिल्ला उसवला.
खाली कापड विटलेलं नव्हतं.
जुन्या बिल्ल्याच्या आकाराचं
गडद, कोरं, जणू कालच ताग्यातून फाडलेलं.
नवा बिल्ला ठेवून पाहिला:
लहान पडला.
कडेने जुन्याची किनार डोकावत राहिली, ग्रहणातल्यासारखी.
टॉलिव्हरने ते पाहिलं. अंगठ्याने घासून पाहिलं.

आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावायचं,
असं आमच्याकडे म्हणतात.
तिच्या भाषेत काय म्हणतात, मी विचारलं नाही.
मशीन चालू होतं.

आणि तिकडे, छत्तीस हजार किलोमीटर वर,
टॉलिव्हर ज्याच्यावर रात्रपाळीला डोळा ठेवून बसतो
तो म्हातारा उपग्रह.
त्याच्या बुडाशी पत्र्यावर कोरलेलं आहे
एका मोडीत निघालेल्या तुकडीचं नाव.
तिथवर कुणाची सुई पोचत नाही.
शेजारी येऊन थांबणाऱ्याच्या पत्र्यावरही
असंच काही असेल. त्यांच्याकडेही कुणीतरी
पिशवी घेऊन कुणाच्या तरी दुकानात उभा असेल,
शुक्रवारच्या आत हवं म्हणून.

म्यंगजाने दाबपट्टी उचलली.
"व्हेल्क्रो लावू का रे?
पुढच्या वेळी नुसतं ओढलंस की निघेल.
माझे डोळे वाचतील, तुझे चौदा डॉलर."

तो बराच वेळ गप्प होता.
मांजर काउंटरवरून उतरलं, चुकून इस्त्रीला धडकलं.

"नको," म्हणाला.
"शिवाच."